पाण्याखालचं बाउंटिफुल

माढ्यात राहणाऱ्याला मूळ कोणतं आणि नक्कल कोणती हा वाद काही परका नाही. आमच्या गावात विठ्ठलाचं एक देऊळ आहे. अफझलखानाच्या स्वारीच्या धामधुमीत, 1659 साली, पंढरपूरची मूर्ती हलवून माढ्यात आणून ठेवली, असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. धामधूम सरली, मूर्ती परत गेली. पण गेली ती तीच, की दुसरी? रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या 1984 सालच्या ग्रंथात माढ्याच्या बाजूने कौल दिला. माढ्याच्या मूर्तीच्या छातीवर मंत्राक्षरं कोरलेली आहेत, जुन्या माहात्म्यातल्या वर्णनाशी ती खूण जुळते, तेव्हा आद्य मूर्ती हीच, असं त्यांचं म्हणणं. त्यावर बराच वाद झाला. माढ्यात फारसं काही झालं नाही. आषाढी जवळ आली की माढ्याची माणसं अजूनही पंढरपूरलाच जातात. आम्ही बौद्ध, त्यामुळे कुठल्या मूर्तीच्या पाया पडायचं या पेचातून आमची आपोआप सुटका. पण वादाची गोडी मला लहानपणापासून.

त्या गोडीला अलीकडे खाद्य मिळालं ते एका अमेरिकी नाटकामुळे. ‘द ट्रिप टू बाउंटिफुल’ हे त्याचं नाव. लेखक हॉर्टन फूट, टेक्ससमधल्या व्हार्टन या लहानशा गावचा. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या सिनेमाची पटकथा लिहून ऑस्कर मिळवणारा तोच हा. त्याचं बाउंटिफुल पहिल्यांदा लोकांनी पाहिलं ते 1 मार्च 1953 रोजी, एनबीसीच्या टीव्हीवर. म्हातारीच्या भूमिकेत मूकपटांच्या काळातली लिलियन गिश. त्याच वर्षी ते ब्रॉडवेवर गेलं आणि 39 प्रयोगांत गाशा गुंडाळून परत आलं. 1985 साली सिनेमा झाला आणि जेराल्डिन पेजला त्यासाठी ऑस्कर मिळालं. मग 2013 मध्ये ते पुन्हा ब्रॉडवेवर आलं, या खेपेला म्हातारीचं सगळं कुटुंब कृष्णवर्णीय. म्हातारी झाली होती सिसली टायसन. वयाच्या 88व्या वर्षी तिने टोनी पुरस्कार घेतला. पुढच्याच वर्षी, 8 मार्च 2014 ला, मायकल विल्सन या ब्रॉडवेवरच्याच दिग्दर्शकाने ते लाइफटाइम वाहिनीसाठी टीव्हीवर आणलं. म्हणजे जन्म टीव्हीत, नाव रंगभूमीचं, कीर्ती सिनेमात आणि म्हातारपणी पुन्हा टीव्हीत. यातलं मूळ कुठलं म्हणायचं? ढेरे असते तर त्यांनाच विचारलं असतं.

गोष्ट अगदी साधी. कॅरी वॉट्स नावाची म्हातारी ह्यूस्टन शहरात मुलगा आणि सुनेबरोबर अपुऱ्या जागेत दिवस काढते. सुनेला तिचं भजन म्हणणं खपत नाही, पण तिच्या पेन्शनचा चेक चालतो. म्हातारीला मरायच्या आधी एकदा आपल्या बाउंटिफुल गावी जायचंय. चेक लपवून ती पळ काढते. त्या गावाला आता रेल्वे जात नाही, म्हणून बसने निघते. बसमध्ये थेल्मा नावाची तरुण मुलगी सोबतीला मिळते, तिचा नवरा फौजेत. रात्री वाटेतल्या स्थानकावर कळतं की बाउंटिफुलमध्ये उरलेली शेवटची बाई, कॅरीची बालमैत्रीण, तीही गेली. गावात आता कुणीच नाही. मागून पोलिसांत वर्दी गेलेली असते. शेरीफ तिला अडवायला येतो, आणि शेवटी तोच तिला आपल्या गाडीतून गावाकडे नेतो. पडकं घर, माजलेलं रान, पाखरं. मुलगा-सून येतात आणि तिला परत घेऊन जातात.

1985 चा सिनेमा मी पूर्वीच कधीतरी, रात्री उशिरा, टीव्हीवर पाहिला होता. आवडला. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला असं काही आवडलंच पाहिजे, तसा आवडला. जेराल्डिन पेज फार मोठी नटी, तिच्या हातांच्या हालचाली अजून आठवतात. पण तिचं दुःख मला लांबून दिसत होतं. कुणा गोऱ्या बाईला तिचं गाव आठवतंय, बिचारीला जाऊ द्या की, इतपतच. टायसनचं बाउंटिफुल मात्र मी आईबरोबर पाहिलं. भाच्याने पेनड्राइव्ह टीव्हीला जोडून दिला आणि तो मोटारसायकल काढून पसार झाला. आईने ऐंशी ओलांडलीय. तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही. मी मधूनमधून सांगत होते. सुनेने पहिल्यांदा सासूवर डाफरल्यानंतर सांगायचं काम जवळजवळ उरलंच नाही.

“ही कुठली गं बाई? आपल्यातली दिसती.”

“अमेरिकेतली आहे, आई.”

“आसंल. आमच्या थोरल्या आत्यावाणी दिसती.”

आईचं टीव्हीचं ज्ञान दांडगं आहे. संध्याकाळच्या मालिका ती चुकवत नाही. स्टार प्रवाहवर 2019 पासून ‘रंग माझा वेगळा’ लागायची. काळ्या रंगामुळे सासूला नकोशी झालेली दीपा हे तिचं मुख्य पात्र. ती मल्याळममधल्या ‘करुतमुत्तु’वरून केलेली. 2024 पासून झी मराठीवर ‘सावळ्याची जणू सावली’ आली, ती बंगालीतल्या ‘कृष्णकली’वरून. दोन्हींत नायिका काळी म्हणून सगळा खटाटोप, आणि दोन्हींत नायिकेचं काम करणारी अभिनेत्री मुळात गोरी, मेकअपने काळी केलेली. आई दोन्ही मालिका मन लावून पाहत आलीय, दीपासाठी तिने डोळेही पुसलेत. पण तिची एक ठाम समजूत आहे, आणि ती तिने माझ्यासमोर शेजारणीलाही सांगितली होती: “हा रंग उन्हातनं आलेला न्हाई, डबीतनं आलाय.”

एका भाषेतून दुसऱ्या भाषेत मालिका जाते, गाणी बदलतात, देव बदलतो, सासूच्या साडीचा काठ बदलतो. काळ्या बाईची गोष्ट हिंडत राहते, तिच्या नावावर लोक हळहळतात, आणि त्या रंगाच्या मुलीला मात्र कामाला कुणी बोलावत नाही. हे किती विचित्र आहे ते मला मालिका पाहताना कधी नीट कळलं नव्हतं. टायसनचा चेहरा पडद्यावर आला, त्यावर डबीतलं काही नव्हतं, आणि आईला तिच्यात आपली आत्या दिसली, तेव्हा ते कळलं.

आमच्या रेल्वेलाइनवर याची उलट बाजूही पाहायला मिळते. माढ्याहून पुण्याकडे निघालं की कुर्डुवाडी, मग केम, मग जेऊर. ‘फॅन्ड्री’तला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे हा केमचा पोरगा. तो सिनेमा आणि ‘सैराट’ करणारे नागराज मंजुळे जेऊरचे. ‘सैराट’ 2016 साली आला तेव्हा आमच्या वर्गातली पोरं आपापल्या चुलतभावांना पडद्यावर पाहिल्यासारखी बोलत होती. दोन वर्षांनी त्याचं हिंदीत ‘धडक’ झालं. करमाळ्याकडच्या उसाच्या फडातून गोष्ट उदयपूरच्या राजवाड्यांत गेली, चेहरे उजळ झाले, आणि ज्या जातीमुळे ती दोन पोरं मेली ती जात तोंडातल्या तोंडात पुटपुटण्याइतकी उरली. रिमेक हा शब्द आमच्या भागात ऐकला की पहिल्यांदा आठवतं ते हे. आपल्या माणसांचं काहीतरी घ्यायचं आणि आपली माणसं तेवढी गाळायची. उलट प्रवासही होऊ शकतो, गोऱ्यांच्या लाडक्या नाटकात काळी माणसं सगळ्या घरादारासह राहायला येऊ शकतात, हे त्या रात्री पहिल्यांदा समोर बसून पाहत होते.

हे सिसली टायसनने ओढून आणलं होतं. तिने 1985 चा सिनेमा पाहिला तेव्हाच तिला ती भूमिका हवीशी वाटली. आपल्या एजंटला तिने सांगून ठेवलं की मला माझं बाउंटिफुल मिळवून दे, मग मी निवृत्त होते. मिळायला जवळपास तीस वर्षं गेली. आणि मिळाल्यावर बाईने शब्द पाळला नाही, पुढेही कामं करत राहिली! 2021 च्या जानेवारीत, 96व्या वर्षी ती गेली. बाउंटिफुलच्या खूप आधी, 1974 साली, तिने टीव्हीवर जेन पिटमनची भूमिका केली होती. गुलामीत जन्मलेली, 110 वर्षांची झालेली ही म्हातारी शेवटी काठी टेकत टेकत फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या नळापाशी जाते आणि पाणी पिते. महाडच्या तळ्याचा लढा ठाऊक असलेल्या माणसाला या प्रसंगाचा अर्थ सांगावा लागत नाही. बाउंटिफुलकडे निघालेल्या म्हातारीमागे टायसनची ही चाल आहे.

आता शेरीफ. गोऱ्यांच्या सिनेमात तो आला तेव्हा मला वाटलं होतं, एक अडथळा आला, टळेल. या टीव्हीपटात क्लॅन्सी ब्राउन हा धिप्पाड गोरा नट शेरीफच्या वेशात दारातून आत आला आणि आईने चहाचा कप खाली ठेवला.

“आता हाणतुया बघ हिला.”

नाटकाचा सांगाडा तोच, बोलणं जवळजवळ तेच. कुणी कुणाला रंगावरून काही बोललेलं नाही. पण साल 1953, टेक्सस, रात्रीची वेळ, एकटी काळी म्हातारी आणि कमरेला पिस्तूल लावलेला गोरा अंमलदार. तेव्हा त्या भागात बसस्थानकावर काळ्यांची बसायची जागा वेगळी असे. रोझा पार्क्सने मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये उठायला नकार दिला तो 1 डिसेंबर 1955 ला, म्हणजे अजून दोन वर्षं पुढे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीत एमेट टिल या 14 वर्षांच्या मुलाला गोऱ्या बाईशी सलगी केल्याच्या आरोपावरून मारून नदीत टाकलं होतं. आईला यातलं काहीच माहीत नाही. तिला वस्तीत शिरणारा फौजदार माहीत आहे. चोरी गावात कुठंही होवो, पहिली झडती कुठल्या आळीची व्हायची, हे तिने लहानपणी पाहिलंय. तेवढं पुरलं.

जेराल्डिन पेजला गाडीत बसवणाऱ्या शेरीफचा चांगुलपणा मला रीतभात वाटला होता; वयस्कर बाईशी कुठलाही बरा माणूस तसाच वागेल. टायसनसाठी त्याने गाडीचं दार उघडलं तेव्हा आम्ही दोघी श्वास रोखून बसलो होतो. गाडी खरंच गावाकडे चाललीय ना, हे रस्ता दिसेपर्यंत पटेना. तो तिच्याबरोबर उभा राहून पाखरांचे आवाज ऐकू लागला तेव्हा कुठे आईने कप उचलला. चहा गार झाला होता. अख्ख्या टीव्हीपटातली सगळ्यात मोठी जागा मला हीच वाटते. नट बदलल्यावर नाटकातली भीती जागी झाली, आणि भीती जागी झाल्यावर माया महाग झाली. फूटने ही भीती लिहिली नव्हती. ती त्याच्या टेक्ससमध्ये होतीच, त्याच्या पात्रांना तिची झळ लागत नव्हती इतकंच.

आता तक्रारही सांगते. हा टीव्हीपट गोड आहे, जरा जास्तच गोड. संगीत सारखं पाठीवर हात फिरवतं. व्हनेसा विल्यम्सची सून इतकी देखणी आणि नटवी की तिच्या कजागपणाचीही मजा वाटायला लागते. ब्लेअर अंडरवूडचा मुलगा पगारवाढ मागायला घाबरतो. 1953 साली ह्यूस्टनमध्ये काळ्या कारकुनाने साहेबापुढे उभं राहणं म्हणजे काय, यावर कथा एक पाऊलही पुढे टाकत नाही. शेरीफही तसा सज्जनांतला सज्जन निवडलेला. वाहिनीला घराघरांत जायचं होतं, त्यामुळे 1953 च्या टेक्ससचे काटे काढून ते वाढलंय. आमची आई घाबरली ती तिच्या स्वतःच्या आठवणीमुळे. टीव्हीपटाने तिला घाबरवायचं धाडस केलं नव्हतं.

भजनाचं मात्र वेगळं झालं. म्हातारीचं आवडतं भजन आहे ‘ब्लेस्ड अ‍ॅशुरन्स’, फॅनी क्रॉस्बी या अंध कवयित्रीने 1873 साली लिहिलेलं. ब्रॉडवेवर टायसन ते म्हणू लागली की प्रेक्षकांतल्या बायका आपसूक तिच्याबरोबर गाऊ लागायच्या. कुणी सांगितलेलं नसायचं. न्यूयॉर्कच्या नाट्यगृहात हे चालत नाही, तिथं खोकलासुद्धा आवरून धरायचा असतो. पण काळ्यांच्या चर्चमध्ये एकाने सुरुवात केली की बाकीच्यांनी साथ धरायचीच, आणि ती सवय त्या तिकीट काढून आत घेऊन आल्या होत्या. आपल्याकडे कीर्तनात किंवा भीमगीतांच्या कार्यक्रमात प्रेक्षक गप्प बसला तर गाणाऱ्याला घाम फुटतो, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. आईला नवल वेगळंच वाटलं. “सून भजनाला नको का म्हणती? त्याला पैसं पडत्यात व्हय?”

1873 हे साल वाचून मी जरा थबकले, कारण आमच्या घरात ते दुसऱ्या पुस्तकाचं साल आहे. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ त्याच वर्षीची, आणि ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, हबशांना गुलामीतून सोडवल्याबद्दल. टेक्ससच्या गुलामांपर्यंत सुटकेची बातमी पोचली ती 19 जून 1865 ला. 1953 साली म्हातारी असलेल्या कॅरीचे आजी-आजोबा गुलामीत जन्मलेले असणार. म्हणजे काळ्या कॅरीचा बाप ज्या जमिनीवर राबला ती जमीन कुणाची होती, हा प्रश्न रंग बदलताच उभा राहतो. गोऱ्या कॅरीच्या बाबतीत तो मला सुचलाही नव्हता. टेक्ससमध्ये सुटलेल्या गुलामांनी स्वतःच्या अशा शेकडो वस्त्या वसवल्या होत्या, नदीकाठच्या, कुणाला नको असलेल्या जमिनींवर. त्यांतल्या पुष्कळ आज नकाशावर नाहीत. माणसं शहराकडे गेली, शाळा मोडल्या, चर्च आणि स्मशान तेवढं राहिलं. काळ्या कॅरीचं बाउंटिफुल असं असू शकतं. स्वतः वसवलेलं, स्वतःच्या नावाचं, आणि म्हणून पुन्हा पाहावंसं वाटणारं.

नाहीतर ज्या गावाने वेशीबाहेर ठेवलं त्या गावासाठी जीव का तुटावा? आमच्या घरात हा नुसता पुस्तकी प्रश्न नव्हता. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत गावाची जी संभावना केली, संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची आणि जातीयतेची गुहा या अर्थाने, ती माझ्या वडिलांना तोंडपाठ होती. ते कुर्डुवाडीला रेल्वेत होते. गावाचं कौतुक करणारं गाणं रेडिओवर लागलं की ते उठून रेडिओ बंद करायचे. आई गप्प बसायची. तिला माहेर आठवायचं, पण ते मोठ्याने आठवायची सोय नव्हती.

तिचं माहेर करमाळा तालुक्यात, भीमेच्या काठाला. आता ते उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण आमच्याच तालुक्यातल्या उजनी गावाजवळ बांधलं, 1980 साली पुरं झालं. साठा 117 टीएमसी. त्यातला निम्म्याहून जास्त, 63 टीएमसीच्या पुढचा, मृतसाठा. आईचं माहेर त्यातलंच. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याच्याही खाली, म्हणजे धरण मायनसमध्ये गेलं की काही गावं वर येतात. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि सगळ्या वर्तमानपत्रांत त्याचा फोटो येतो. दगडी शिखर, नक्षी, नावेतून उतरणारे पर्यटक. सुंदरच असतं ते. महारवाड्याचा फोटो कुणी काढत नाही, कारण काढायला काही नसतं. घरं मातीची होती. पहिल्याच वर्षी विरघळली असतील.

2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं आणि आईने प्रथमच सांगितलं, मला घेऊन चला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. जीपने गेलो. भेगाळलेला गाळ, शिंपले, मोडकी जाळी. चौथरे दिसत होते ते गावातल्या वाड्यांचे. आई बराच वेळ इकडं तिकडं पाहत राहिली आणि मग थेट एका दगडी बांधकामाकडे चालत गेली. विहीर होती. गाळाने भरलेली, पण तोंडाचे घडीव दगड जागच्या जागी. तिच्या लहानपणी या विहिरीला आमच्या माणसांनी शिवायचं नाही. लांब उभं राहायचं, कुणी वरून पाणी वाढलं तर न्यायचं. आईने त्या विहिरीला पाठ टेकली, उगवतीकडे हात केला आणि सांगितलं, “हितनं सरळ खाली, लिंबापाशी, आमचं घर.” लिंब नव्हता, घर नव्हतं. जिला शिवायची बंदी तीच विहीर खूण म्हणून उरलेली. आई तिच्या काठावर बसली, पाय मोकळे सोडून, आणि बराच वेळ उठलीच नाही. आम्हीही उठ म्हटलं नाही.

म्हणून बाउंटिफुलच्या शेवटी टायसन पडक्या घराच्या पायरीवर पोचली, डोळे भरून पाहू लागली, तेव्हा मला वाटलं आता आई रडणार. आई रडली नाही. ती हिशेबाने बोलली. “हिचं घर तरी उभं हाय.”

एका मित्राला, आमच्याच शाळेत मराठी शिकवायचे त्यांना, हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “म्हातारपण ते म्हातारपण, मॅडम. गाव ते गाव. त्यात काळं-गोरं, जात-पात कशाला आणायची?” चांगले गृहस्थ आहेत, मनापासून म्हणाले. त्यांच्याशी वाद घालायला मला त्या दिवशी जमलं नाही, आज घालते. सर, ती आणावी लागत नाही. ती त्या घरात आधीच बसलेली असते. गोऱ्या म्हातारीचं नाटक पाहताना ती तुम्हाला दिसत नाही, कारण ती तुमच्या बाजूने बसलेली असते. काळी म्हातारी आणली की ती समोर येते. एवढंच झालं त्या रिमेकमध्ये.

आपल्या रंगभूमीवरची आठवणींत जगणारी म्हातारी माणसं डोळ्यांसमोर आणा. बहुतेकांच्या मागे वाडा असतो, तुळशीवृंदावन असतं, कोकणातलं आगर किंवा देशावरची सोप्याची ओटी असते. त्यांचं दुःख खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण गावाची, मुलांची, गेलेल्या दिवसांची ओढ हा काही वाड्यांचा मक्ता नाही. वेशीबाहेरच्या म्हातारीलाही ती असते, आणि तिच्या ओढीत प्रेमाबरोबर राग, लाज, हिशेब असं बरंच काही कालवलेलं असतं. नाट्यदृष्ट्या पाहिलं तरी ती भूमिका जास्त अवघड आणि जास्त श्रीमंत.

म्हणून एक मागणी करते. जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ 1973 चं. विजया मेहतांनी ते केलं, मराठी माणसाने ते डोक्यावर घेतलं, अजूनही कुठं कुठं त्याचे प्रयोग होतात. नाना आणि नानी, एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सेनादलात, आणि दाराशी चाहूल लागते का म्हणून कान लावून बसलेलं घर. हे नाटक टीव्हीवर पुन्हा करा. नाना कुर्डुवाडीच्या रेल्वेतून निवृत्त झालेले असू द्यात, घर भीमनगरातलं, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. मुलगा फौजेत जाणं आमच्या घरांना नवं नाही, अमेरिकेत जाणंही आता नवं राहिलेलं नाही. दळवींचा एक शब्द बदलू नका, हक्कधारकांची परवानगी रीतसर घ्या. चोरून गोडवा घालू नका, काटे काढू नका. नानीच्या भूमिकेसाठी बाई शोधायला मुंबईत चाचण्या घ्यायची गरज नाही. माढ्यापासून जेऊरपर्यंत कुठल्याही स्टेशनावर उतरा, मिळतील. फक्त येताना ती मेकअपची डबी आणू नका.